तिसरीतली लेक धडा घडाघडा म्हणते, पण नवीन मजकूर वाचता येत नाही. घरी काय करावं?

शेवंती | मंगळवार, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी. लेक तिसरीत आहे, नाशिकमध्येच, सेमी इंग्रजी. बोलायला चुणचुणीत, गोष्टी ऐकायला कायम तयार. पाठ्यपुस्तकातला धडा उघडून दिला की ओळीखाली बोट ठेवून सगळा म्हणते, त्यामुळे वाचन येतंय असंच घरात सगळ्यांना वाटत होतं. परवा किराण्याची यादी तिच्या हातात दिली. ‘मोहरी’ वाचलं, ‘साखर’ वाचलं, ‘गव्हाचं पीठ’पाशी थांबली ती थांबलीच. मग धड्यातलं चित्र झाकून मधलंच एक वाक्य वाचायला सांगितलं, तेही जमेना. म्हणजे धडा ऐकून ऐकून पाठ झालाय.

बाईंनी “घरी वाचन घ्या” म्हणून सांगितलंय. ते नेमकं कसं घ्यायचं हे कुणी सविस्तर सांगेल का? मला घरी यायला साडेसात होतात. सासूबाई दिवसभर घरी असतात आणि त्यांना नातीसोबत बसायची हौस आहे. रोज पंधरा-वीस मिनिटं नक्की देऊ शकतो. शिकवणी लावायची नाही, मोबाइलही द्यायचा नाही. एवढ्यात बसेल असं सांगा.

गोदाकाठ | मंगळवार, रात्री १०.३५

वाचतोय. आमचे चिरंजीव दुसरीत, तोच प्रकार.

पाटीपेन्सिल | मंगळवार, रात्री ११.२०

शेवंतीताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. धडा पाठ करून म्हणणारी मुलं दर वर्षी वर्गात असतात. बहुतेक हुशार असतात. स्मरणशक्ती तल्लख, म्हणून तर ते साधतं. तेव्हा घाबरू नका. पण आता पुढे ढकलूही नका, कारण तिसरीत परिसर अभ्यास आणि गणितातली शाब्दिक उदाहरणं स्वतः वाचूनच समजून घ्यावी लागतात. तिथे वाचन अडलं की मूल गणितात कच्चं आहे असा शिक्का बसतो.

तुमची लेक एकटी नाही. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेची मुलांच्या वाचन-गणिताची ‘असर’ पाहणी २००५ पासून होते. तिच्या २०२२ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी मुलं २०.५ टक्केच होती. २०१८ मध्ये हाच आकडा २७.३ होता, मधल्या काळात शाळा बंद होत्या.

त्या पाहणीतली पद्धत घरीही वापरता येते. त्यात मुलापुढे चारच गोष्टी असतात: सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. तुम्ही कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात हे लिहून काढा. मजकूर तिनं कधी न पाहिलेला हवा आणि शेजारी चित्र नको. सुरुवात उताऱ्यापासून करा. तो सरळ वाचला तर गोष्ट द्या. अडखळली तर एक पायरी खाली या, शब्द द्या. शब्दही अडले तर अक्षरं.

त्या दिवशी काही शिकवायचं नाही, चूक सुधारायची नाही. ‘गर्दी’ लिहिलं होतं आणि तिनं ‘गदी’ वाचलं, तर दोन्ही जसंच्या तसं टिपून ठेवा. ती यादी इथे टाका, मग पुढचं बोलू. त्याशिवाय काही सांगणं म्हणजे अंधारात औषध देणं होईल.

तिफण | बुधवार, सकाळी ६.५०

आमच्या वेळी दिवेलागणीला परवचा, पाढे आणि बाराखडी व्हायचीच. रोज बाराखडी म्हणून घ्या आणि दहा वेळा लिहून घ्या, आपोआप वाचायला लागेल. हल्ली घोकणं म्हटलं की लोक नाकं मुरडतात, पण आम्ही सगळे तसंच शिकलो.

पाटीपेन्सिल | बुधवार, सकाळी ७.३०

तिफणकाका, बाराखडी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण क-का-कि-की सुरात म्हणणाऱ्या मुलाला मधलाच ‘कू’ दाखवा. ते परत ‘क’पासून सुरू करतं आणि म्हणत म्हणत ‘कू’पर्यंत पोचतं. म्हणजे त्याला क्रम येतो, उकार ओळखता येत नाही. म्हणून बाराखडी म्हणून झाली की चिठ्ठ्यांवर लिहून त्या पिसायच्या आणि उलटसुलट विचारायची. पहिलीत अक्षरंसुद्धा वर्णमालेच्या क्रमानं देत नाहीत ती याचसाठी. ‘ग म भ न’ ही चारच अक्षरं शिकवली तरी मन, मग, नग, नभ, गगन, गमन असे शब्द मुलाला लगेच वाचता येतात. पहिल्याच आठवड्यात आपण वाचलं याचा जो आनंद मुलाच्या चेहऱ्यावर दिसतो, तो नुसती ओळीनं छत्तीस अक्षरं गिरवून येत नाही.

दहा वेळा लिहिण्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. हात दुखतो, डोळा शिकत नाही. तिसऱ्या-चौथ्या ओळीनंतर मूल वरचं बघून नक्कल करत असतं.

तिफण | बुधवार, सकाळी ८.०५

चिठ्ठ्या पिसायचं पटलं. नातवावर करून बघतो.

कोकणकडा | बुधवार, दुपारी १.१५

माझं काम डोळे तपासण्याचं, म्हणून एवढंच सांगते: वाचनाच्या मागे लागण्याआधी नजर तपासून घ्या. पुस्तक नाकाशी धरणं, एक डोळा झाकून वाचणं, वाचताना ओळ सुटणं, फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीतून उतरवणं, थोड्या वेळात डोकं दुखणं, यातलं काही दिसलं तर लगेच दाखवा. मूल स्वतःहून “मला दिसत नाही” असं सांगत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं अशी त्याची समजूत असते. सारखी सर्दी होत असेल, कान वाहत असेल तर कानही तपासा. ‘त’ आणि ‘थ’ नीट ऐकूच आले नाहीत तर अक्षराशी आवाज जुळणार कसा? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत येतं. तो दिवस चुकवू नका.

गोदाकाठ | बुधवार, रात्री ९.००

शेवंतीताई, नाशिकमध्येच असाल तर सावानाला, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, जाऊन या. १८४० पासूनचं वाचनालय आहे, लहान मुलांची पुस्तकंही मिळतात. पुस्तक मुलीला निवडू द्या. माझा मुलगा दर वेळी गाड्यांचीच पुस्तकं उचलतो, मी उचलू देतो.

पुस्तक झेपेल का हे बघायची एक युक्ती आहे. मधलं कुठलंही पान उघडायचं, मुलानं वाचायचं आणि प्रत्येक न आलेल्या शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ बंद झाली तर ते पुस्तक आपण वाचून दाखवायचं, त्याच्या हातात आणखी थोडं सोपं द्यायचं.

रानवारा | बुधवार, रात्री ९.४०

वाचनखूण साठवली. घरबसल्या हवं असेल तर ‘प्रथम बुक्स’चं ‘स्टोरीवीव्हर’ बघा. मराठी गोष्टी मोफत आहेत, चार पातळ्यांत विभागलेल्या, आणि छापून घेता येतात, म्हणजे मोबाइल मुलीच्या हातात द्यायला नको. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंकही त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. तिसरीच्या मुलीला ते स्वतः वाचायला जड जातील, पण रात्री तुम्ही वाचून दाखवायला उत्तम.

शेवंती | शुक्रवार, रात्री १०.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. नजर तपासून झाली, ठीक आहे. आता पाटीपेन्सिलताईंनी सांगितलेली यादी.

अक्षरं सगळी येतात, फक्त घ आणि ध मध्ये अजून गोंधळ होतो. काना, मात्रा, वेलांटी, उकार असलेले शब्द हळू पण बरोबर वाचते. उताऱ्यात अडली. ‘गर्दी’चं ‘गदी’, ‘सूर्य’चं ‘सूय’, ‘प्रकाश’चं ‘परकाश’. ‘राष्ट्र’ वाचलंच नाही, सोडून पुढे गेली. ‘उन्हात’चं ‘उनात’. ‘झाडाखालच्या’चं ‘झाडाखाली’, ‘दुकानासमोरून’चं नुसतंच ‘दुकानात’. सासूबाईंचं निरीक्षण असं की ती सुरुवातीची दोन अक्षरं बघते आणि बाकीचा शब्द मनानं लावते.

पाटीपेन्सिल | शनिवार, दुपारी ३.४५

छान टिपलंय, आणि सासूबाईंनी तर दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं. तुमच्या लेकीचा पाया पक्का आहे. तीन गोष्टी राहिल्यात.

पहिली, जोडाक्षरं, आणि त्यातही ‘र’. ‘गर्दी’मध्ये रफार ‘दी’च्या डोक्यावर बसतो, पण ऐकू येतो ‘ग’च्या लगेच नंतर, ‘दी’च्या आधी. म्हणजे डोळ्यानं पुढे जाऊन रफार बघायचा आणि आवाज आधी काढायचा. मोठ्यांना हे सवयीनं जाणवत नाही, मुलाला मात्र ते फार अवघड असतं. ‘प्रकाश’मध्ये तोच र तिरकी रेघ होतो, ‘राष्ट्र’मध्ये खालची खूण, ‘दऱ्या’मध्ये आणखी वेगळा. चारही एकदम शिकवू नका. आठवडाभर फक्त रफार घ्या. जोड्या करून द्या: कण–कर्ण, पण–पर्ण. एकाखाली एक लिहा, दोन्ही वाचायला सांगा, कशामुळे बदललं ते तिलाच दाखवू द्या. शब्द तोडून टाळी वाजवत म्हणा: गर्‌–दी, सूर्‌–य. पुढच्या आठवड्यात कम–क्रम, पत–प्रत.

बाकीच्या जोडाक्षरांनाही सोप्याकडून अवघडाकडे क्रम आहे. आधी एकच अक्षर दोनदा येणारी: पत्ता, कच्चा, गल्ली. मग उभी रेघ गळणारी: पुस्तक, कुस्ती, ग्लानी. मग पाय मोडून किंवा एकाखाली एक येणारी: चिठ्ठी, विठ्ठल, उद्या. ‘ह’ची जोडाक्षरं वेगळी काढून घ्या: तुम्ही, उन्हाळा, गव्हाचं, कोल्हा. मराठीत ती पावलोपावली येतात आणि पोरं ‘ह’ गिळतात, ‘उनात’ त्यामुळेच झालं.

दुसरी गोष्ट लांब शब्दांची. आपल्या भाषेत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं मूळ शब्दाला चिकटतात, त्यामुळे ‘दुकानासमोरून’ हा एवढा मोठा शब्द एका दमात समोर येतो. मूल घाबरतं आणि अंदाज करतं. एका चिठ्ठीवर ‘झाडा’ लिहा. दुसरी लांब पट्टी घ्या, तिच्यावर एकाखाली एक ‘ला’, ‘वर’, ‘खाली’, ‘समोर’, ‘पासून’, ‘मागच्या’, ‘खालच्या’ लिहा. पट्टी वर-खाली सरकवली की दर वेळी नवीन शब्द तयार. मग चिठ्ठीवर ‘घरा’, ‘दुकाना’, ‘शाळे’. पुस्तकात असा शब्द आला की शेपूट बोटानं झाकायची, आधी ‘दुकाना’ वाचायचं, मग बोट सरकवायचं.

तिसरी, अंदाज लावण्याची सवय. तिला ‘नीट बघ’ म्हणून उपयोग होत नाही, कारण कुठे बघायचं ते तिला कळत नाही. ती थांबली तर मनात पाच आकडे म्हणेपर्यंत आपण गप्प राहायचं. नाही जमलं तर शब्द झाकून तुकडा दाखवायचा. तरी नाही तर शब्द सांगून मोकळं व्हायचं, तिथे अडून बसायचं नाही. चुकीचं वाचलं तर वाक्य पुरं होऊ द्या, मग विचारा, “हे वाक्य नीट लागलं का?” पुष्कळदा मूल स्वतःच परत जाऊन दुरुस्त करतं. असं केलं तर त्याचं तिथल्या तिथे कौतुक करा. पटापट वाचण्यापेक्षा मला ते जास्त मोलाचं वाटतं.

आणि सासूबाईंना सांगा, दुपारी आधी त्यांनी एक परिच्छेद बोट फिरवत वाचायचा, मग दोघींनी एकत्र, मग तिनं एकटीनं. तोच परिच्छेद दोन-तीन दिवस.

सोनसळी | शनिवार, संध्याकाळी ६.१०

ताई, तोच परिच्छेद परत परत घेतला तर तोही पाठ होणार ना?

पाटीपेन्सिल | शनिवार, संध्याकाळी ६.४०

रास्त शंका. म्हणूनच दोन-तीन दिवसच, आणि शेवटच्या दिवशी त्यातले पाच-सहा शब्द वापरून आपण नवीन दोन वाक्यं लिहून द्यायची. ती वाचली तर शब्द कमावले, नाही वाचली तर पाठ केले. पुनरावृत्तीनं वाचनाला ओघ येतो, ती टाळू नका.

सोनसळी | शनिवार, संध्याकाळी ७.००

आणि वेग? केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानात दुसरीच्या अखेरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीला किमान ६० असं आहे. आमच्या शाळेच्या गटावर सगळे पालक घड्याळ लावून मोजत बसलेत.

पाटीपेन्सिल | शनिवार, संध्याकाळी ७.२५

ते उद्दिष्ट अर्थ समजून वाचण्याचं आहे. पालकांच्या गटांवर तेवढं नेमकं गळून पडतं. शिवाय वर म्हटलं तसे आपले शब्द लांब असतात, ‘घरासमोरच्या’ हा एकच शब्द मोजला जातो. शिक्षक म्हणून मी वर्षातून काही वेळा मोजते. घरी घड्याळ लावू नका. त्यापेक्षा वाचून झाल्यावर “मग त्या मुलानं असं का केलं असेल?” असा एक प्रश्न विचारा. उत्तर पुस्तकातल्या वाक्यात नको, तिच्या शब्दांत हवं.

दूरदेशी | रविवार, सकाळी ९.१५

आम्ही न्यू जर्सीत. मुलगा मराठी बोलतो, वाचतो मात्र इंग्रजीच. आमच्याकडे शनिवारी सकाळी साताऱ्याची आजी व्हिडिओ कॉलवर असते. एकाच गोष्टीची छापील प्रत तिच्याकडे आणि आमच्याकडे. एक पान आजी वाचते, एक पान तो. आजीचं पान तो कान देऊन ऐकतो, कारण पुढचं पान त्याचं असतं. सुट्टीत आलो की भिलारला घेऊन जातो. २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणून घराघरांत पुस्तकं मांडली आहेत, आणि तिथे कोणीही कोणाची परीक्षा घेत नाही.

जास्वंद | रविवार, दुपारी १२.३०

शेवंतीताईंच्या लेकीला हे लागू होईल असं वाटत नाही, पण धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते. माझ्या मोठ्याला डिस्लेक्सिया आहे. घरी रोज बसूनही काल वाचलेला शब्द आज अनोळखी, ‘बदक’ म्हटल्यावर पहिला आवाज कोणता हे सांगता न येणं, तोंडी सगळी उत्तरं बरोबर आणि कागदावर काहीच नाही, अशी चिन्हं महिनोन्‌महिने टिकली तर तपासणी करून घ्या. सहसा वय आठच्या पुढे निदान पक्कं करतात, पण मदत त्याआधीही सुरू करता येते. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून काम करते, मोठ्या सरकारी रुग्णालयांतही तपासणी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया त्यातच येतो) समावेश आहे आणि परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. तपासताना मूल ज्या भाषेत शिकतं तीही बघा असा आग्रह धरा.

आणि कृपा करून अशा मुलाला आळशी म्हणू नका. माझा मुलगा घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त मेहनत घेतो.

कोकणकडा | रविवार, दुपारी १.००

जास्वंदताई, शेवटच्या ओळीला शंभरदा अनुमोदन.

शेवंती | पुढच्या महिन्यातला रविवार, रात्री ९.२०

धागा वर काढते. पट्टीचा खेळ फार चालला. आता लेक स्वतःच पट्ट्या बनवते. ‘आजी’ला ‘समोर’, ‘मागे’, ‘बरोबर’ लावून सासूबाईंकडून वाचून घेते. रफार जवळजवळ बसला. काल एसटी स्टँडवर ‘संगमनेर’ वाचलं, ‘त्र्यंबकेश्वर’ तुकडे करत वाचलं आणि ‘शिर्डी’ला थांबून, परत येऊन बरोबर म्हणाली. सासूबाईंचा चष्मा आता पुरत नाही म्हणून लग्नपत्रिका, पापडाच्या पाकिटावरची कृती, सगळं तीच वाचून दाखवते. सासूबाईंना खरंच बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय हे तिला कळतं.

नवीन मजकुरात अजून दमते, पाऊण पानानंतर कंटाळते. दोन शंका आहेत. श्रुतलेखन सुरू करू का? आणि इंग्रजी वाचन सोबत घेऊ का?

पाटीपेन्सिल | रविवार, रात्री १०.००

‘त्र्यंबकेश्वर’! शाबास म्हणावं तिला माझ्याकडून.

पाऊण पान पुष्कळ झालं, तिथेच थांबा आणि उरलेलं तुम्ही वाचून दाखवा. गोष्ट अर्धी सोडू नका. श्रुतलेखन सुरू करा, पण तिला वाचता येणाऱ्या शब्दांचंच, एका वेळी पाच-सहा. तपासायचं तिनंच, मूळ कागद शेजारी ठेवून. ऱ्हस्व-दीर्घावर आत्ता अडू नका, रफार योग्य अक्षरावर आलाय का तेवढं बघा. इंग्रजी घ्या, पण वेगळ्या वेळी. मराठी संध्याकाळी असेल तर इंग्रजी सुट्टीच्या दिवशी सकाळी. एकाच बैठकीत दोन लिप्या नकोत.

गोदाकाठ | रविवार, रात्री १०.१५

ताई, पट्ट्यांसाठी तिसरीला चालतील अशा शब्दांची यादी इथेच टाकाल का? आमच्याकडे ‘शाळे’ आणि ‘दुकाना’च्या पुढे गाडी जात नाही.

पाटीपेन्सिल | रविवार, रात्री १०.४०

घ्या: रस्त्या, डोंगरा, नदी, विहिरी, टेबला, आरशा, माणसा, पावसा, दिव्या, सुट्टी. ‘विहिरी’ आणि ‘पावसा’ आधी मूळ शब्द विचारून मगच द्या, विहीर आणि पाऊस हे मुलांना पटकन सापडत नाहीत.